तिसरी भाषा

रविवार, १८ मे

हरिताचा नव्या शाळेचा गणवेश घेऊन आलो. दुकान शाळेच्याच आवारात, त्यामुळे दुसरीकडे स्वस्त मिळतो का वगैरे विचार करण्याचे कष्ट वाचले. दोन वर्षं पुरावा म्हणून वाढत्या अंगाचा घेतला. घरी येऊन तिनं घालून दाखवला तेव्हा हरितानं शर्ट घातलाय की शर्टानं हरिताला, हे सांगणं कठीण झालं. वसुमती सुई-दोरा घेऊन बसली. बूट, मोजे, पट्टा, दप्तर, सगळ्यावर शाळेचं बोधचिन्ह आहे. फक्त मुलगी आमची आहे.

पाचवीपर्यंत ती राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेत चालत जायची. आता सहावीला बायपासच्या पलीकडे, दिल्लीचा अभ्यासक्रम, पिवळी व्हॅन. हट्ट माझा. तालुका कचेरीत वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद पुढे सरकवत आलो, आपल्या पोरीनं तरी स्वतःच्या टेबलाशी बसावं एवढीच इच्छा. तुळजापूरला जाण्यासाठी बाजूला ठेवत आलेले पैसे त्यात गेले. आमच्या घराण्यातलं कुणी इथं तंजावरला आल्यापासून देवीच्या दर्शनाला गेलेलं नाही. वसुमतीला म्हटलं, एवढी वर्षं थांबली, आणखी थोडी थांबेल. ती म्हणाली, देवीचं काही नाही, ती समजून घेते.

ही वही मी टीव्हीच्या बाजूला उघडीच ठेवतो. कुलूप कशाला? वसुमती मराठी बोलते, पण वाचते तमिळ. हरिताला देवनागरी मी शिकवली, जशी मला आजोबांनी शिकवली, पण माझं कचेरीतलं अक्षर तिला लागत नाही. आणि घरात आम्ही बोलतो ती मराठी वेगळी. इथं मी मासिकं वाचून शिकलेली सोवळ्यातली लिहितो.

गुरुवार, २२ मे

मुख्याध्यापिकांनी तिसरी भाषा कोणती घेणार म्हणून विचारलं. तमिळ आणि इंग्रजी सगळ्यांना आहेच. तिसरी हिंदी किंवा संस्कृत. हिंदी अगदी नवी असलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर वेगळा वर्ग असतो, त्याची फी वेगळी.

मी जरा खुर्चीत पुढे सरकलो. म्हटलं, आम्ही तंजावरचे मराठे लोक, आमच्या घरी मराठी बोलतात, लिपी तीच, हिंदी म्हणजे घरचीच. वेगळ्या वर्गाची गरज नाही. बाईंनी कौतुकानं मान हलवली. या गावात आमच्या भाषेचं कुणी कौतुक करावं अशी वेळ क्वचित येते, त्यामुळे मी राजे-भोसल्यांपर्यंत पोहोचलो असतो, पण मागे रांग होती.

येताना स्कूटरवर वसुमतीनं मागून विचारलं, "हिंदी आपल्याला कुठं येते?" मी म्हटलं, हिंदी म्हणजे आपलीच मराठी, जरा उत्तरेकडे राहायला गेलेली. तिनं पदर डोक्यावर ओढला. ऊन फार होतं.

सोमवार, २ जून

शाळा सुरू झाली. व्हॅन सातच्या आत येते, म्हणजे वसुमती पाचच्या आत उठणार. डबे दोन, हरिताचा आणि माझा. माझी कचेरी ओरत्तनाडूला, तिथली बस पकडायला मलाही त्याच सुमारास निघावं लागतं, म्हणून दोघंही तिला सोडायला वळणापर्यंत गेलो. चढताना हरिता मोठ्यानं म्हणाली, "आई, येऊ?" व्हॅनमधली पोरं वळून पाहू लागली. आमच्या गल्लीत कुणाला या शब्दाचं नवल नाही, पण ही पोरं मेडिकल कॉलेज रोडकडच्या तमिळ घरांतली. वसुमती व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी. मी बस चुकवली.

बुधवार, १८ जून

आज बरा दिवस. हिंदीच्या अखिला मॅडमनी हरिताला वर्गापुढे उभं करून धडा वाचून घेतला. बाकीची मुलं अजून क आणि फ मध्ये अडकलेली, आमची घडाघड वाचत गेली. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या सुपरिंटेंडेंटनं बजावलं, तमिळनाडूत हिंदीसाठी टाळ्या घेताय, जपून हं. सगळे हसले, मीही हसलो, आणि लाडू माझ्या खर्चानं आले.

येताना छत्रमपाशी, जुन्या धर्मशाळेजवळ, बस बंद पडली. दुसऱ्या बसनं उभ्यानं आलो. पण आज पायांनी तक्रार केली नाही.

शुक्रवार, ४ जुलै

हिंदीची पहिली चाचणी. पेपर पाहून मी आधी घाबरलो आणि मग पोट धरून हसलो. "यातायात के साधन" म्हणजे काय? हरितानं इंग्रजीत लिहिलंय, त्रास देण्याची हत्यारं. रोज ओरत्तनाडूच्या बसनं जाणारा माणूस म्हणून मी तिला पूर्ण मार्क दिले असते. हिंदीत त्याचा अर्थ नुसती वाहतूक, हे मलाही आजच कळलं.

पुढचं वाक्य होतं, "गाँव में बाढ़ आई।" गावात पूर आला. पूर हा शब्द तिला ठाऊक नव्हता, आई ठाऊक होती. तिनं लिहिलं, गावात बाढ नावाची एक आई होती. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे. रागानं नाही, गंमत म्हणून.

जेवताना मी पुन्हा सगळं नाट्य करून सांगितलं. वसुमती पदर तोंडाला लावून हसली. हरिता भात चिवडत बसली. मी म्हटलं, अगं चुकतमाकतच माणूस शिकतो. तिनं ताक नको म्हणून सांगितलं आणि उठली. मार्कांचं मनाला लावून घेतलंय पोरीनं.

शुक्रवार, ११ जुलै

कचेरीला सुट्टी टाकली होती, बँकेचं काम. संध्याकाळी व्हॅन आली तेव्हा वळणावर मीच होतो, वसुमती माझ्या मागे. व्हॅनमधून पोरांचा एका सुरात गलका, "आई आई, गई गई! आई आई, गई गई!" हिंदीत आई म्हणजे आली आणि गई म्हणजे गेली, एवढं आता मलाही येतं. पोरांनी त्याचं छान गाणं केलंय. हरिता खाली मान घालून उतरली. ओळखीपाळखी झाल्या म्हणायच्या, नाहीतर पहिल्या महिन्यात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. वसुमतीला म्हटलं, बघ, गाणी म्हणतात. ती म्हणाली, "हो, ऐकूलें मी."

गुरुवार, १७ जुलै

आजपासून तमिळ आडी महिना. गावातल्या सगळ्या कापडदुकानांवर सवलतीच्या पाट्या लागल्या, फक्त शाळेच्या दुकानावर लागली नाही. हरिताच्या बुटाचा तळ सुटलाय.

शाळेतून बोलावणं आलं म्हणून अर्धी रजा घेतली. अखिला मॅडम भल्या बाई आहेत. त्या मदुरैच्या. स्वतः एकेक परीक्षा देत हिंदी शिकल्या. तमिळमध्ये मला समजावून सांगितलं की हरिता हुशार आहे, पण हिंदी लिहायला बसली की मध्येच तुमची भाषा येते. ‘है’च्या जागी ‘आहे’, ‘नहीं’च्या जागी ‘नाही’. बाकीच्या मुलांची पाटी कोरी आहे, तिची पाटी आधीच भरलेली आहे. मग जरा संकोचून म्हणाल्या, तिमाही परीक्षा होईपर्यंत घरात ते बोलणं बंद ठेवून पाहता का? तमिळ बोला, तमिळचा काही घोटाळा होत नाही. आणि तो शाळेनंतरचा वर्ग लावाच.

वर्ग लावला. कल्याणमंडपाच्या हिशेबाचं काम रविवारी कराल का म्हणून एक ओळखीचे मागे लागले होते, त्यांना हो म्हणून आलो.

रात्रीच्या जेवणाला नियम सांगितला. उद्यापासून घरात तमिळ. हरितानं लगेच मान डोलावली, शहाणी आहे. वसुमतीनं वाढता वाढता विचारलं, "मग मी तिच्याशी काय बोलू?"

मी म्हटलं, "तमिळ. तुजला तमिळ येत नाही का?"

"येते," म्हणाली, आणि माझ्या पानात रसम वाढलं. मी अजून सांबार-भातही कालवला नव्हता.

रविवार, ३ ऑगस्ट

आडीपेरुक्कु, नदीच्या नव्या पाण्याचा सण. सगळं गाव डबे घेऊन पाण्याकाठी, मी मंडपात कुणाच्या तरी लग्नातल्या केळीच्या पानांचा हिशेब करत. वसुमती आणि हरिता शेजारच्यांबरोबर वेण्णार नदीवर जाऊन आल्या. माझ्यासाठी चिंचेचा भात ठेवला होता.

नियम छान चाललाय. हरिता पहिल्या दिवसापासून एकदाही चुकली नाही, मला अप्पा म्हणतेच, आता वसुमतीला अम्मा म्हणते. चूक होते ती वसुमतीची. परवा दूध उतू गेलं तर दुधाला मराठीत ओरडली. मी हसून म्हटलं, दुधाला हिंदीचा पेपर नाही, त्याला चालेल. तिला हसू आलं नाही.

फार दमलेली असते. वळणावरच्या धनलक्ष्मी टेलरकडून साड्यांना फॉल लावायचं आणि ब्लाऊजना हुक लावायचं काम आणते दुपारचं. वर्गाच्या फीला हातभार. मी नको म्हटलं होतं, फार जोर लावून म्हटलं नाही हेही खरं. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जाते ती बराच वेळ येत नाही. आज वर जाऊन पाहिलं तर कपडे तसेच दोरीवर, आणि ही कुंभकोणच्या बहिणीशी फोनवर, मराठीत. काही विशेष बोलणं नव्हतं. वांगी कशी केली, चिंच किती घातली. मला पाहून आवाज खाली आणला.

शनिवार, २३ ऑगस्ट

हिंदीत वर्गात तिसरी. अखिला मॅडमनी वहीवर तारा काढून दिला. मी वसुमतीला म्हटलं, पाहिलंस, नियमाचा गुण. ती म्हणाली, "पाहिलं." तेही तमिळमध्ये म्हणाली, म्हणजे आता तिलाही सवय झाली. घर शांत झालंय. पूर्वी संध्याकाळी दोघींची स्वयंपाकघरात काय बडबड चालायची, मला बातम्या ऐकू यायच्या नाहीत. आता सगळ्या बातम्या ऐकू येतात. वाईटच असतात.

मला झोप नीट लागत नाही अलीकडे. रविवारही मंडपात गेला की आठवड्याला शेवटच राहत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

शाळेत हिंदी दिवसाचा कार्यक्रम. सहावीची मुलं एकेक करून पुढे येत आपल्या घरच्यांची ओळख करून देणार, आणि नाव आलं की आईबापांनी आपल्या जागी उभं राहायचं. वसुमतीनं लग्नातली गर्द तांबडी अरक्कू साडी नेसली होती. माझ्या डाव्या हाताला बसली होती, हातात रुमाल घट्ट धरून.

हरिता आली. शर्ट अजून मोठाच आहे, पण उभी ताठ राहिली. कागद नाही, अडखळणं नाही. "ये मेरे पिता हैं।" मी उभा राहिलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "ये मेरी माँ हैं।" आणि हात आमच्याकडे केला.

वसुमती बसूनच राहिली. समोर पाहत होती, इतरांसारखी, आता कोण उभं राहतं ते बघायला. हरिताचा हात तसाच पुढे. मी वाकून म्हटलं, अगं तुजलाच बोलावूली ती. वसुमती म्हणाली, "काय मेणून?" मी काही सांगायच्या आधीच ती गडबडून उठली, रुमाल खाली पडला. तोवर टाळ्या संपून गेल्या होत्या. पुढचा मुलगा माईकपाशी आला होता.

परतताना स्कूटरवर मी म्हटलं, पोरगी काय बोलली, एक चूक नाही. हरिता मागून व्हॅननं येणार होती, म्हणून वसुमती मराठीत बोलली. "मजला आई मेणून बोलावून दोन महिने जाहले. तुम्हाला कळलं तरी का?"

मला खरंच कळलं नव्हतं. मी रोज ऐकत होतो, आणि नियम पाळतेय म्हणून खूष होत होतो. हे तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, तिमाही परीक्षा होऊ दे, मग पूर्वीसारखं. ती म्हणाली, पूर्वीसारखं कसं? तिला आता लाज वाटते. व्हॅनमधली पोरं त्या शब्दावरून तिला चिडवतात, ते गाणं नव्हतं.

मी स्कूटर बाजूला घेतली. उगाचच पेट्रोलचा काटा पाहिला. मला फार वाईट वाटलं, ते इथं लिहून ठेवतो, कारण तिथं बोलता आलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

मंडपात गेलो नाही, अंग दुखतंय असं कळवलं. दुखत होतंच. दिवसभर हरिताशी बोलायची संधी शोधली. ती अभ्यास करत होती. नियम मीच घातला, मीच मोडू शकतो, पण परीक्षा अगदी तोंडावर, आणि मध्येच पुन्हा घोटाळा झाला तर? या दोन महिन्यांत वसुमतीनं किती साड्यांना फॉल लावले? एवढं करून पोरीचे मार्क गेले तर कुणाला काय सांगायचं? असा विचार करत करत संध्याकाळ झाली. मी भित्रा आहे, हे माझ्या सुपरिंटेंडेंटला आधीपासून माहीत आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

काल तिमाही संपली. नवरात्र चालू आहे, इथल्या रीतीनं पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्या आहेत. मी पायऱ्यांवरचं एक बाहुलं सारखं कलंडतंय म्हणून त्याच्या खाली पुठ्ठा घालत बसलो होतो. हरिता येऊन शेजारी बसली. एक बाहुली सरळ केली. मग हळूच, मराठीत, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून म्हणाली, "अप्पा, पेपर जाहले."

मी म्हटलं, जाहले.

"आता घरात आई म्हटलं तर मार्क जातील का?"

हातातला पुठ्ठा तसाच राहिला. मी तिला विचारलं, तुजला लाज वाटते ना, पोरं चिडवतात मेणून? ती म्हणाली, व्हॅनमध्ये वाटते. व्हॅनमध्ये ती म्हणणारच नाही. पण घरात तिला कशाची लाज? घरात तिनं बंद केलं ते मी सांगितलं म्हणून. एवढे पैसे भरलेत, तिच्यामुळे वाया जायला नकोत. हे ती सगळं अगदी साधेपणानं सांगत होती, गणिताची रीत सांगावी तसं. चुकून तोंडातून जाईल म्हणून पहिले काही दिवस ती स्वयंपाकघरात जायचीच नाही, तेही सांगितलं. आणि मी त्या दिवसांत लिहून ठेवलंय की नियम छान चाललाय.

मी म्हटलं, जाणार नाहीत मार्क. जा, म्हण.

ती उठली. फ्रॉक नीट केला, जसा स्टेजवर बोलण्याआधी शर्ट केला होता. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. वसुमती ओट्याशी उभी, पाठ आमच्याकडे, सुंडलसाठी चण्यांना फोडणी देत होती. खोबरं खवून बाजूला ठेवलेलं.

हरिता उंबऱ्याशी थांबली. तिचे ओठ ‘अम्मा’साठी जुळले ते मी पाहिलं, मग तिनं ते थांबवलं. म्हणाली, "आई."

मोहरी तडतडत होती. वसुमती वळली नाही. हरितानं जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "आई."

वसुमतीनं कढई हलवत, मान न वळवता, सवयीनं विचारलं, "एन्न वेणुम्?" काय पाहिजे, असं तमिळमध्ये.

हरितानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, कुठल्याही भाषेत. ती म्हणाली, "ओन्नुम् इल्लै." काही नाही. मग माठातलं पाणी घेऊन प्यायली आणि बाहेर येऊन बाहुल्यांपाशी बसली.